मास्तरांच्या उंचीची कमान

डेपोतले लोक तिला कॅप्टन म्हणत. हे नाव पहिल्यांदा कुणी घेतलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण चिकटलं ते चिकटलंच. अंगाने ठेंगणी, आवाजाने खणखणीत. अरुंद गल्लीत अडकलेली लांबलचक बस उलटी काढायची वेळ आली की बाकीचे चालक मुकाट्याने खाली उतरून तिला बोलावत. वर्षानुवर्षं तिने एकच मार्ग चालवला: स्टेशन, दवाखाना, शाळा, कारखान्याचं फाटक, आणि परत. त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तिच्या ओळखीचा होता.

नवराही तिला त्या बसनेच मिळवून दिला. शाळेत भूगोल शिकवणारा एक ताडमाड माणूस रोज सकाळी चढायचा आणि चालकाच्या बरोब्बर पाठीमागच्या सीटवर बसायचा. ती सीट भरलेली असली तर उभा राहायचा, पण समोरच्या मोठ्या काचेजवळ म्हणून कधी जायचा नाही. कॅप्टनला वाटायचं, गडी लाजाळू दिसतोय. एकदा उतरता उतरता तो थबकला आणि म्हणाला, "तुम्ही ब्रेक फार हळुवार दाबता." एवढं बोलून गेला. कॅप्टनची बाकीच्यांनी पुष्कळ तारीफ केली होती, पण ब्रेकबद्दल कुणी बोललं नव्हतं. तिने त्या दिवशी तीन थांबे नको तितक्या हळुवारपणे घेतले. पुढे ओळख झाली, लग्न झालं. तिच्या तोंडून 'मास्तर' आणि 'तुम्ही' मात्र सुटलं नाही. तो 'तू'वर कधीच आला होता.

मास्तर लाजाळू नव्हते, घाबरलेले होते, हे तिला लग्नाआधीच कळलं. त्यांचा थोरला भाऊ उघड्या जीपच्या अपघातात गेला. डोंगरातलं साधं वळण होतं, वेगही काही फार नव्हता. चाक कडेच्या भुसभुशीत मातीत उतरलं, जीप आडवी झाली, मग जणू विचार करून सावकाश उलटी झाली. मास्तर मागे बसले होते, ते बाहेर फेकले गेले. गळ्याजवळचं हाड मोडलं, पण जीव वाचला. थोरल्याच्या डोक्यावर काचेच्या चौकटीशिवाय काहीच नव्हतं, आणि ती चौकट पुठ्ठ्यासारखी दुमडली. तेव्हापासून मास्तर कुठल्याच गाडीत पुढे बसले नाहीत. एवढं त्यांनी एकदा सांगितलं, पुन्हा विषय काढला नाही. कॅप्टननेही तो उकरला नाही.

अशा माणसाच्या बायकोने स्पोर्ट्स कार बांधायला घ्यावी, हे लोकांना पटत नसे. पण कॅप्टनचं म्हणणं सरळ होतं. दिवसभर ती पन्नास माणसांना पोटातलं पाणी न हलवता नेत होती. कुणाच्या हातात औषधाची बाटली, कुणाच्या मांडीवर झोपलेलं पोर. तिला एकदा फक्त स्वतःसाठी चालवायचं होतं, रस्ता अगदी बुडाखाली जाणवेल अशा गाडीतून. तशी तयार गाडी परवडणारी नव्हती. सुट्या भागांचं किट मात्र मिळत होतं: लोखंडी पाइपांची चासी, फायबरची बॉडी, आणि बाकीचं आपल्या हिमतीवर. एका सकाळी खोकी येऊन पडली. मास्तर बराच वेळ त्या खोक्यांभोवती फिरले. "बांध," ते म्हणाले, "पण मी हिच्यात बसणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो." कॅप्टन म्हणाली, ठीक आहे.

इमारतीच्या मागच्या गॅरेजमध्ये तिचे रविवार जाऊ लागले. इंजिन एका चेपलेल्या जुन्या मोटारीतून काढून आणलं. वायरिंगने नाकी नऊ आणले, गिअरबॉक्सने दोनदा रडवलं. मास्तर चहा घेऊन दारापर्यंत यायचे, हवा तेव्हा दिवा धरायचे, पण गाडीला बोट लावायचे नाहीत. किती वर्षं लागली ते ती कुणाला सांगत नसे. विचारलंच तर म्हणायची, "मुलं मोठी व्हायला लागतात तेवढी." त्यांना मुलं नव्हती.

शेवटी गाडी चालू झाली. बुटकी, लांब नाकाची, वरून उघडी, दोन सीटची. शहराबाहेरच्या टेकडीचा रस्ता ठरावीक दिवशी बंद करून तिथे हौशी लोकांचा एक क्लब गाड्या पळवायचा. एका वेळी एकच गाडी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, घड्याळ लावून. कॅप्टनला तिथे जायचं होतं. क्लबची अट अशी की गाडी उलटली तर डोकी वाचतील अशी लोखंडी तजवीज हवी. मास्तरांची अट त्याहून कडक निघाली. ते म्हणाले, नुसती तजवीज नको, पूर्ण रोल केज हवा. पुढे, मागे, वर, बाजूला, सगळीकडे पाइप. अख्खा पिंजरा.

आधी किटच्या कंपनीकडून जे मिळत होतं ते तिने मागवून पाहिलं. सीटच्या मागे उभ्या राहणाऱ्या दोन चकचकीत कमानी. खोकं उघडलं, कमानी बॉडीवर ठेवल्या, चार बोल्ट आवळले, आणि गाडी एकदम मासिकातल्या फोटोसारखी दिसायला लागली. कॅप्टन खूश होऊन दोन पावलं मागे सरली. मग पुढे आली, एक कमान दोन्ही हातांनी धरली आणि बसचं अडकलेलं दार हलवावं तशी गदागदा हलवली. खालचं फायबर करकरलं. कमान लोखंडाची होती, पण ती उभी होती बोटभर जाडीच्या फायबरवर. तिने कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. त्या कमानी शोभेच्या आहेत, माहितीपत्रकात तसं बारीक अक्षरात छापलंय, आणि फोटोत अगदी उठून दिसतात, असं त्याने सांगितलं. कॅप्टनने त्याचे आभार मानले आणि त्याच दुपारी खोकं परत बांधलं.

तेव्हा तिने नणंदेला बोलावलं.

मास्तरांची धाकटी बहीण बॉयलरच्या कारखान्यात वेल्डर होती. जिथे जोड फुटला तर माणसं भाजून निघतील, तिथे तिचे जोड चालत. कॅप्टन तिला थट्टेने 'वन्सं' म्हणायची, कारण त्या बाईला शोभणार नाही असं घरगुती नाव तेवढं एकच होतं. दंडावर ठिणग्यांचे डाग, खिशात खडू, आणि कुठलीही वस्तू बघितली की आधी तिचा जोड कुठाय ते शोधणारी नजर. थोरला गेला तेव्हा ती शाळेत होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून चासीच्या पाइपांवर टिचक्या मारल्या, आणि सांगितलं, लोखंड कापण्याआधी प्लास्टिकचं करून बघू.

नळवाल्यांच्या दुकानातून पाण्याचे पाइप आणले. दोघींनी मिळून मास्तरांच्या मनातला अख्खा पिंजरा प्लास्टिकमध्ये उभा केला. मागे कमान, पुढे काचेलगत दुसरी कमान, दोन्हींना जोडणारे वरचे पाइप, बाजूला आडवे. चिकटपट्टीने बांधलेलं ते प्रकरण मोठं झकास दिसत होतं. मास्तरांना दारातच समाधान वाटलं. "हे असंच लोखंडात करा," ते म्हणाले.

कॅप्टन आत बसायला गेली. बाजूच्या पाइपावरून पाय टाकताना तिची जी तारांबळ उडाली ती बघून नणंद खाली बसून हसली. कशीबशी बसली. पट्टा लावला, आणि मग नणंदेने सांगितल्याप्रमाणे, मागून कुणी धडकल्यावर माणूस जसा हिंदकळतो तशी पुढे आणि बाजूला झुकली. टक्. कपाळ पाइपावर. पुन्हा झुकली. टक्. कानाच्या वर.

"प्लास्टिक आहे म्हणून हसतेय," कॅप्टन म्हणाली.

नणंदेने मास्तरांना समजावून सांगितलं. शर्यतीत डोक्यावर हेल्मेट असतं, अंग पट्ट्यांनी सीटला जखडलेलं असतं, तेव्हा असा पिंजरा तारतो. पण वहिनी हीच गाडी घेऊन बाजारातही जाणार, उघड्या डोक्याने. तेव्हा साध्या धक्क्यालाही हाच पाइप कवटी फोडील. मास्तरांनी हात लांब करून पुढचा पाइप कॅप्टनच्या कपाळापासून किती लांब आहे ते बोटांनी मोजलं. वीतभरही नव्हता. मग त्यांनी स्वतःच चिकटपट्टी सोडली आणि पुढची कमान उतरवून भिंतीला टेकवली. गाडीला त्यांचा हात लागला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

ठरलं ते असं: मागे एकच भक्कम कमान, दोन्ही सीटच्या रुंदीची. तिच्या पोटातून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणारा तिरका पाइप, म्हणजे कर्ण. कमानीच्या माथ्यापासून मागे चासीपर्यंत उतरणारे दोन टेके. डोक्याजवळच्या भागाला कडक गादीचं वेष्टण. आणि चारही पाय फायबरवर नाही, थेट चासीच्या लोखंडावर.

उंची ठरवायची रीत सोपी होती. सरळ लाकडी पट्टी घ्यायची, एक टोक कमानीच्या माथ्यावर आणि दुसरं समोर काचेखालच्या आडव्या लोखंडी पाइपावर ठेवायचं. गाडी उलटली की जमीन त्या पट्टीच्या जागी येणार. बसलेल्या माणसाचं हेल्मेट पट्टीच्या चांगलं चार बोटं खाली राहायला हवं. कॅप्टन हेल्मेट घालून बसली. ठेंगणेपणाचा असा फायदा तिला आयुष्यात पहिल्यांदाच झाला, वर भरपूर जागा उरली. नणंदेने प्लास्टिकच्या कमानीवर खडूने खूण केली आणि खडू खिशात टाकला.

"खूण पुसा," कॅप्टन म्हणाली. "अजून मास्तरांचं माप राहिलंय."

दारातून मास्तर म्हणाले, "मी बसणार नाहीये. ठरलंय ना आपलं?"

"बसू नका. माप द्या."

नणंदेला ते पटलं नाही. दादाच्या मापाची कमान म्हणजे गाडीच्या डोक्यावर फाटक उभं केल्यासारखं होईल, ती म्हणाली. वजन वर जाईल. पावसाचं कापडी छत बसणार नाही. टेकडीवर एकेक क्षण महत्त्वाचा, तिथे हे ओझं कुणासाठी वाहायचं? जो माणूस बसणारच नाही म्हणतोय त्याच्यासाठी? आणि इतक्या वर्षांच्या मेहनतीने बांधलेली देखणी गाडी विद्रूप करायची ती वेगळीच. तिचं चूक नव्हतं, आणि कॅप्टनने ते मानलंही. पण ती सीटमधून उठली नाही.

"हिला दोन सीट आहेत," ती म्हणाली. "दुसऱ्या सीटवर मला हा एकच माणूस हवाय. तो येईल, नाही येईल, त्याची मर्जी. पण आला आणि कमान बुटकी निघाली, असं मी होऊ देणार नाही. मग ती सीट काढूनच टाका."

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग ते आले. एक पाय आत टाकला, दुसरा टाकला, आणि उंटाने घडी घालावी तसे टप्प्याटप्प्याने खाली बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. चेहरा पांढराफटक. गाडी जागच्या जागी होती, इंजिन थंड होतं, तरी ते जमिनीकडे बघत होते. बहिणीने त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, ते त्यांनी लहान मुलासारखं चढवू दिलं. खुणेवर पट्टी ठेवली तर ती हेल्मेटवर टेकून चक्क वर उचलली गेली.

नणंदेची थट्टा तिथेच थांबली. ती पट्टीकडे बघत राहिली. त्या जीपमध्ये कुणी असं माप घेतलं असतं तर, हे तिघांच्याही मनात आलं असणार. नणंदेने सीटखालचे सरकते रूळ काढले, सीट सरळ तळाला टेकवली, पुन्हा पट्टी ठेवली. काही अंतर मिळालं, पुरेसं नाही. मग तिने कमानीची जुनी खूण पुसली आणि एका हाताच्या रुंदीएवढी वर नवी खूण केली.

उतरण्याआधी मास्तरांनी मागे वळून विचारलं, "खाली ही कमान कशाला धरलेली असणार?" बहिणीने चासी दाखवली, जाड लोखंडी प्लेटी कुठे बसतील ते दाखवलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

पुढचे रविवार कामाचे होते. लांबीत कुठेच जोड नसलेला, अखंड ओढून काढलेला पाइपच नणंदेने निवडला. पाइप वाकवणाऱ्याकडे दोघी गेल्या. त्याने वाकवलेली पहिली कमान नणंदेने उजेडात धरली, वळणाच्या आतल्या अंगावरून अंगठा फिरवला आणि परत केली. तिथे सुरकुती होती. ज्या जागी पाइप सुरकुततो तिथेच तो उद्या दुमडेल. वाकवणारा कुरकुरला. ती हलली नाही. दुसरी कमान गुळगुळीत आली.

फायबर कापायचा दिवस कॅप्टनला जड गेला. सीटमागची ती बॉडी तिने स्वतःच्या हाताने घासून, रंगवून, पुन्हा घासून आरशासारखी केली होती. कमानीचे पाय चासीपर्यंत न्यायचे तर तिला भोकं पाडण्यावाचून इलाज नव्हता. नणंद म्हणाली, मी कापते. कॅप्टन म्हणाली, माझी गाडी, मी कापणार. तिने चेहऱ्यावर मास्क बांधला, रेघ आखली, करवत चालवली. पांढरा भुगा तिच्या भुवयांवर बसला. एकदाही थांबली नाही.

कमान, कर्ण आणि टेके गाडीतच जागेवर धरून नणंदेने आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारले. मग सगळा सांगाडा बाहेर काढला, म्हणजे प्रत्येक जोडाला चारी बाजूंनी पोचता येईल. त्याच्या दोन पायांमध्ये तिने एक आडवी पट्टी जोडून ठेवली होती, तापलेलं लोखंड निवताना आक्रसू नये म्हणून. शेवटचा जोड पुरा झाला, जरा निवला, आणि तिने ती पट्टी कापली. घाई झाली तिची. सांगाडा गाडीत परत ठेवला तर पाय आतल्या अंगाला ओढले गेले होते. प्लेटीच्या भोकांपासून बोल्ट बोटभर बाजूला.

कॅप्टन म्हणाली, जॅक लावून फाकवू. बोटभराचा तर प्रश्न. बसेल.

"बसेल," नणंद म्हणाली, "आणि रोज आतून ओढत राहील. एक दिवस जोड तडकेल, आणि तो दिवस कोणता ते आपल्याला कळणार नाही. वहिनी, चूक माझी आहे. थोरल्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं. इथे मी काहीतरी लावतेय, तर ते बरोबरच लावणार."

तिने आपलेच सगळ्यात सुंदर दोन जोड ग्राइंडरने कापले. कॅप्टनने ठिणग्या बघत तिच्या शेजारी उभं राहून पाइप धरला. पुढच्या रविवारी पुन्हा टाके, पुन्हा जोड, आणि या खेपेला पट्टी लोखंड पार गार होईपर्यंत हलवली नाही. मधल्या वेळात मास्तरांनी तीनदा येऊन विचारलं, निवलं का. कमान बसली तेव्हा बोल्ट हाताच्या बोटांनी आत गेले.

टेकडीवर क्लबच्या मंडळींनी गाडी बघितली आणि कुणीतरी पहिल्याच झटक्यात तिला 'बसथांबा' म्हणालं. दिसायला तशीच होती ती, बुटक्या गाडीवर उंचच उंच चौकट. कॅप्टन म्हणाली, बसवालीची गाडी, तिला बसथांबा नको? हसणाऱ्यांची हवा गेली. जाड चष्म्याचा तपासनीस मात्र हसला नाही. त्याने खाली आडवं पडून प्लेटी बघितल्या, जोडांवरून नख फिरवलं, पट्टी लावली, मग विचारलं, एवढी उंची कशाला? कॅप्टनने लांबवर मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मास्तरांकडे बोट केलं. त्याने वर बघितलं, मान हलवली आणि गाडीवर 'पास'ची चिठ्ठी चिकटवली.

त्या दिवशी ती खालून चौथी आली. पण वर पोचून हेल्मेट काढलं तेव्हा तिचे गाल दुखत होते, वाटभर हसत आल्यामुळे.

संध्याकाळी मैदान रिकामं होत आलं. मास्तर बसने आले होते, बसनेच परत जाणार होते. ते गाडीजवळ येऊन रेंगाळले. रुमालाने चष्मा पुसला. मग म्हणाले, "शेवटची बस गेली म्हणतात."

त्या रस्त्याचंही वेळापत्रक कॅप्टनला झोपेतही पाठ होतं. अजून दोन बस यायच्या होत्या. तिने घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. "गेली असेल," ती म्हणाली आणि पलीकडचा पट्टा मोकळा करून ठेवला. घरापर्यंत तिने प्रत्येक ब्रेक असा दाबला की चासीलाही कळू नये. मास्तरांनी अर्धी वाट डोळे मिटले होते. उरलेली अर्धी वाट त्यांनी रस्ता बघितला. वाटेत एक बस समोरून आली, तिच्या पाटीवर टेकडीचं नाव होतं. दोघांनीही ती पाहिली.

पुढच्या हंगामापर्यंत मास्तर अधूनमधून तिच्या शेजारी बसू लागले. रस्त्यावरच, टेकडीवर नाही. टेकडीवर ते मैदानातच थांबत. आणि त्या हंगामातल्या दुसऱ्या खेपेला ते घडलं.

वरून तिसरं वळण. आधीच्या गाडीने रस्त्यावर थोडी खडी उडवली होती. मागची चाकं सुटली, कॅप्टनने स्टिअरिंग उलट फिरवलं, जवळजवळ सावरलंही, पण मागचं चाक कडेच्या चरात उतरलं. पुढचं सगळं तिला फार सावकाश घडल्यासारखं वाटलं. गाडी आडवी झाली. आभाळ बाजूला गेलं. मग डोक्यावर एक जाड, बोथट आवाज झाला, काहीतरी खरखरत सरकलं आणि सगळं थांबलं.

ती पट्ट्यांना उलटी लटकत होती. हेल्मेटखाली गवत होतं, पण हेल्मेटला टेकलेलं नव्हतं. मध्ये जागा होती. तिने आधी बटण दाबून इंजिन बंद केलं. पेट्रोलचा वास आला. हाताची बोटं हलवली, पायाची हलवली. कमान आणि जमीन यांच्यामधून उजेडाचा एक लांबट तुकडा दिसत होता, आणि त्यातून माणसांचे बूट धावत येताना दिसले. कुणीतरी सांगत होतं, हलू नका. तिने एक हात खाली टेकवला, पट्टा सोडला, खांद्यावर पडली आणि त्याच उजेडातून सरपटत बाहेर आली.

गवतात बसून ती श्वास घेत होती तेव्हा तिला खालून येणारा माणूस दिसला. लांब लांब ढांगा टाकत, कोट उडतोय, चष्मा हातात. ज्या माणसाने आजवर डोंगरातलं वळण जवळून बघायचं टाळलं होतं, तो अख्खी टेकडी धावत चढून आला. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्याने दोन्ही हातांनी तिच्या गळ्याजवळची हाडं चाचपली, डावं, उजवं, पुन्हा डावं.

"आहेत हो, दोन्ही आहेत," कॅप्टन म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

गाडी सहा जणांनी सरळ केली. नाक फुटलं होतं, काचेचा चुरा झाला होता. कमान उभी होती. मास्तर तिच्यापाशी गेले, माथ्यावर अडकलेलं गवत काढलं, आणि खाली प्लेटीपर्यंत हात फिरवून पाहिला.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनने बस काढली. पट्ट्यांचे निळे वळ दोन्ही खांद्यांवर उमटले होते, मान वळवताना तिला अख्खं अंग वळवावं लागत होतं. रोजच्या एका म्हातारीने विचारलं, काय झालं गं? गाडीवरून पडले, ती म्हणाली. म्हातारी म्हणाली, जपून. कॅप्टनने मान हलवायला घेतली आणि कळवळली.

रविवारी नणंद आली. तिने कमानीवर दोरा ताणून बघितला. माथा जरासा सरकला होता, एका टेक्याला हलका बाक आला होता. जोड सगळे शाबूत होते, ते तिने दोनदा बघितले. पण तिने मान नकारार्थी हलवली. ही कमान आपलं काम करून गेली, पुन्हा भरवसा ठेवता येणार नाही, ही भंगारात. कॅप्टन फुटलेल्या नाकावर टेकून उभी होती. एवढं सगळं पुन्हा करायचं? विकून टाकावी का, ती म्हणाली. नाहीतर मास्तरांच्या जिवाला घोर.

मास्तर चहा घेऊन दारात थांबले नाहीत. आत आले, कप बॉनेटवर ठेवला. तिथून तो घसरणार हे बघून तिने तो पकडला.

"नवी करायची," ते म्हणाले. "याच उंचीची. आणि या वेळी कर्ण दोन घाला."

नणंदेने वजनाचा मुद्दा काढला. दुसरा पाइप म्हणजे टेकडीवर आणखी मागे, हिशेब सरळ आहे. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. कॅप्टन म्हणाली, तशीही खालून चौथीच आहे, अजून कितीशी खाली जाणार? घाला दोन.

नणंदेने ग्राइंडर लावला. जुनी कमान कापायला घेतली तेव्हा मास्तरांनी हातमोजे चढवले आणि पाइपाचं दुसरं टोक धरलं. त्यांना ठिणग्यांची सवय नव्हती. दरवेळी दचकायचे, पण टोक सोडलं नाही.